शेत हेच पहिले तळे

(मंडळाच्या गणेशोत्सवातील कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर. भाषणाच्या वेळी टेबलावर पाण्याने भरलेले दोन काचेचे ग्लास आणि मातीची दोन ढेकळे ठेवली होती.)



आरती झाली आहे आणि महाप्रसाद व्हायचा आहे. मसालेभाताचा वास इथपर्यंत येतो आहे. अशा वेळी वक्त्याने किती बोलावे हे त्याला सांगावे लागत नाही. तरीही कार्यकारिणीने मला अर्धा तास दिला आहे, त्याबद्दल आभार.

मी हाडाचा वक्ता नाही. कृषी पदवी घेऊन १९८३ साली या शहरात आलो, तेव्हा हे मद्रास होते. एका बँकेत शेतीकर्जाच्या विभागात छत्तीस वर्षे काढली. चेंगलपट्टूकडची भातशेती सायकलवरून आणि नंतर स्कूटरवरून पाहिली. माझे गाव शिरोळ तालुक्यातले, कृष्णाकाठचे. म्हणजे एक पाय उसात आणि एक पाय भातात, आणि दोन्ही पाय पुरात, असा माझा परिचय आहे.

आधी हा छोटा प्रयोग पाहू या. ही दोन ढेकळे मी गावाहून डब्यात घालून आणली आहेत. दोन्ही वाळलेली आहेत. एक आमच्या उसाच्या रानातले आहे, जिथे वर्षानुवर्षे नांगर चालला आणि पाचट जाळले गेले. दुसरे त्याच रानाच्या बांधावरचे, पहिल्यापासून चार पावलांवरचे. बांधावर गवत आहे, तिथे नांगर कधी गेला नाही. माती एकच, काळी. आता दोन्ही पाण्यात सोडतो. मी बोलतो आहे तोवर पुढच्या रांगेतल्या मुलांनी लक्ष ठेवावे.

परवा आपण सगळ्यांनी रस्त्याच्या कडेला कच्च्या मातीचे पिळ्ळैयार घेतले असतील, कागदी छत्रीसकट. आपल्याकडे शाडूची मूर्ती असते. या मूर्तीचे काम पाण्यात विरघळणे हेच आहे. विरघळली नाही तर आपल्याला चुटपुट लागते. पण शेतातल्या मातीचे काम नेमके उलटे आहे. तिने पाणी प्यायचे आणि जागेवर राहायचे.

मुले सांगताहेत की डावीकडच्या ग्लासातले ढेकूळ विस्कटले, पाणी गढूळ झाले. ते रानातले. उजवीकडचे बुडबुडे सोडते आहे, पण अजून अख्खे आहे. ते बांधावरचे. आजच्या भाषणात जे सांगायचे आहे ते या दोन ग्लासांत आहे.

असे का होते? चांगली माती म्हणजे नुसती भुकटी नसते. तिच्यात बारीक बारीक रवे असतात. गवताची मुळे, बुरशीचे धागे आणि कुजलेल्या पालापाचोळ्यातून तयार होणारा चिकट पदार्थ हे रवे बांधून ठेवतात. रव्यांच्या मधे पोकळी राहते, गांडुळांची बिळे असतात, आणि त्यांतून पावसाचे पाणी खाली जाते. आपण वारंवार नांगरतो तेव्हा हे रवे मोडतात, आणि आतल्या कुजलेल्या पदार्थाला हवा लागून तो आपल्या उष्ण हवेत भराभर संपतो. पाचट जाळले की त्याची भरपाईही बंद. मग पावसाचा थेंब उघड्या मातीवर आदळतो, कण सुटे होतात, छिद्रांत जाऊन बसतात आणि वर पापडी धरते. त्याखाली नांगराच्या फाळाने आणि ट्रॅक्टरच्या वजनाने दाबलेला घट्ट थर असतोच. मग पाणी खाली जाईना, म्हणून ते उताराने पळते, आणि जाताना माती घेऊन जाते. माती तपासणीच्या कागदावर ‘सेंद्रिय कर्ब’ असा एक रकाना असतो. तो अर्ध्या टक्क्याखाली असेल तर माती भुकेली समजावी. बँकेत मी असे कागद गठ्ठ्याने पाहिले. सही केली आणि फाइल पुढे सरकवली.

आता थोडा हिशेब. चेन्नईकराला पाणी टँकरमध्ये मोजायची सवय आहे, म्हणून तेच माप घेऊ. एक एकरावर एक सेंटीमीटर पाऊस म्हणजे सुमारे चाळीस हजार लिटर पाणी. बारा हजार लिटरचे तीन टँकर भरून वर उरेल एवढे. एखाद्या शेताने एका सरीत एक सेंटीमीटर जास्त मुरवले, तर एवढे पाणी नाल्यात गेले नाही. हजार एकरांच्या शिवारात हे तीन हजारांहून जास्त टँकर होतात. आणि भाताच्या खाचराला सहा इंच उंच बांध असेल, तर ते काठोकाठ भरल्यावर एकरी सहा लाख लिटर पाणी धरते. म्हणजे पन्नास टँकर! त्या बांधाला सिमेंट लागत नाही, निविदा लागत नाही, उद्घाटनही लागत नाही.

हा हिशेब मला पुस्तकातून कळला होता, पण त्याचा अर्थ समजला १ डिसेंबर २०१५ला. माझे घर तांबरमच्या पश्चिमेला, मुडिच्चूर भागात आहे. त्या नोव्हेंबरात चेन्नईत हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस आधीच झाला होता. मग १ तारखेपासून २ तारखेच्या सकाळपर्यंत, चोवीस तासांत, तांबरमला ४९ सेंटीमीटर पडला. टँकरच्या भाषेत, एकरी सुमारे एकशे पासष्ट टँकर. रात्री घरात पाणी कमरेपर्यंत आले. मी, सौ. आणि शेजारचे कुटुंब अशा आम्ही दोन रात्री गच्चीवर काढल्या. तुमच्यापैकी अनेकांनी त्या दिवसांत असेच काढले आहेत, त्यामुळे वर्णन करत नाही. पोळ्यांची पाकिटे करून होडीतून पोचवणारे हात या सभागृहातही बसले आहेत.

गच्चीवर बसून मला एक जुनी गोष्ट आठवत होती. ज्या जागेवर माझे घर आहे, तिथल्याच आसपासच्या भातशेतीला १९८०च्या दशकात मी पीककर्ज मंजूर केले होते. तिथे खाचरे होती, बांध होते, वरच्या तळ्यातून येणारा कालवा होता. १९९९ साली तिथे प्लॉट पडले, तेव्हा मीच एक घेतला. शेतीचा अधिकारी असून मला एकदाही वाटले नाही की आपण पाण्याच्या जागेवर घर बांधतो आहोत. दुसऱ्या कुणाला दोष देण्याआधी हे सांगणे भाग आहे.

या मुलखाला तळ्यांचा जिल्हा म्हणत. तमिळनाडूत अशी सुमारे ३९ हजार तळी आहेत. त्यांना इथे ‘एरी’ म्हणतात, लहान तळ्याला ‘तांगल’. पळवंतांगल स्टेशनवरून आपण रोज जातो, वेडंतांगलला मुलांना पक्षी दाखवायला नेतो. त्या नावांतच तळी आहेत. ही तळी साखळीने बांधलेली. एकाचा सांडवा वाहिला की पाणी खालच्या तळ्यात. दोन तळ्यांच्या मधे खाचरे. म्हणजे पाऊस आधी शेतात थांबायचा, मग तळ्यात, मग पुढच्या तळ्यात, आणि शेवटी अडयार, कूवम किंवा पळ्ळिकरणैच्या दलदलीत. टी. नगर तर १९२०च्या दशकात मांबलमचे तळे बुजवूनच वसले. पळ्ळिकरणैचा आता एकदशांशाच्या आसपास भाग उरला आहे. २०२२ साली त्याला रामसर यादीत स्थान मिळाले, ही त्यातल्या त्यात बरी बातमी.

तळी बुजवली, अतिक्रमण झाले, हे आपण पेपरात वाचतो आणि मान हलवतो. पण उरलेली तळी उथळ का झाली? गाळाने. आणि गाळ म्हणजे काय? वरच्या शेतांतली माती. डाव्या ग्लासातले गढूळ पाणी जिथे थांबेल तिथे गाळ बसणार.

चेंगलपट्टूकडचा एक म्हातारा शेतकरी मला उन्हाळ्यात तळ्याच्या कोरड्या तळातून बैलगाडीने गाळ वाहताना भेटायचा. इथे त्याला ‘वंडल’ माती म्हणतात. मी त्याला तरुण अधिकाऱ्याच्या रुबाबात सांगितले, “पेरियवरे, एवढा त्रास कशाला? दोन पोती युरिया जास्त टाका.” तो हसून म्हणाला, “सार, ही माझीच माती आहे. पावसाळ्यात जाते, उन्हाळ्यात परत आणतो. युरिया कुणाचा आहे?” त्या वेळी मी मनात त्याला अडाणी म्हटले होते. पुढे २०१७ साली तमिळनाडू सरकारने ‘कुडिमरामत्तु’ या नावाने गावाकडून तळी राखण्याची जुनी रीत पुन्हा सुरू केली, आणि त्याच वर्षी महाराष्ट्राने ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आणली. म्हाताऱ्याची बैलगाडी दोन्ही सरकारांच्या कागदावर आली!

आता तुम्हाला माझ्या गावी नेतो. आमची वडिलोपार्जित चार एकर जमीन. माझ्या लहानपणी तिच्यात शाळू, हरभरा, थोडा ऊस असे फिरून फिरून पीक असे. मधे दोन आडवे बांध होते. उपसा योजनेचे पाणी आले आणि सगळे रान उसाचे झाले. मी सुट्टीत गेलो की आबांना शहाणपण शिकवायचो. बांध काढा, सऱ्या लांब होतील. पाचट पेटवा, खोडव्याला खत आणि पाणी द्यायला सोपे जाईल. पाणी भरपूर द्या. आबा एवढेच म्हणायचे, “रान भाजू नगा. त्येला बी जीव हाय.” पण मुलगा शिकलेला, शिवाय बँकेत. त्यांनी ऐकले. एकराला तीन-चार टन पाचट दर वर्षी आमच्या डोळ्यांदेखत धूर होऊन गेले.

वीसेक वर्षांत खालच्या अंगाचे एक एकर पांढरे पडले. आमच्याकडे त्याला क्षारपड म्हणतात. पाणी जास्त झाले, निचरा नाही, तर खालचे क्षार वर येतात. त्यात सोडियम वाढले की मातीचे कण एकमेकांपासून सुटतात आणि छिद्रे बंद होतात. अशा रानात पाऊस मुरतच नाही, चार सरी पडल्या की तळे. शिरोळ, मिरज, वाळवा या भागांत हे दुखणे फार आहे. आबा जाताना ते एकर पडीकच होते. त्यांनी मला त्याबद्दल कधी बोल लावला नाही. लावला असता तर बरे झाले असते असे आता वाटते.

मग २०१९ साल आले. जूनमध्ये चेन्नईचे जलाशय कोरडे पडले होते, जुलैत जोलारपेट्टैहून आगगाडीने पाणी आले, आपण सगळे बादल्या घेऊन उभे होतो. आणि ऑगस्टमध्ये गावाकडून दादाचा फोन आला, “पाणी उंबऱ्याला लागलंय, जनावरं सोडली.” सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी ४५ फूट आहे. एका भावाकडे प्यायला पाणी नाही आणि दुसऱ्याचे घर पाण्याखाली, हे एकाच उन्हाळा-पावसाळ्यात! २०२१ला पुन्हा पूर आला. इकडे डिसेंबर २०२३मध्ये मिचौंग वादळाने चेन्नई पुन्हा बुडवली.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर तुम्ही म्हणाल की बांधावरच्या गवताने हा कृष्णेचा पूर थांबवायला निघाला. तसे नाही. १ डिसेंबर २०१५ला जमीन महिनाभराच्या पावसाने आधीच भरलेली होती. भरलेल्या घड्यात कितीही चांगल्या कुंभाराने घडवलेला असला तरी आणखी पाणी मावत नाही. चेंबरंबाक्कमच्या विसर्गाचे, नदीपात्रातल्या बांधकामांचे, कृष्णेवरच्या धरणांच्या नियोजनाचे प्रश्न आहेतच आणि ते विचारलेच पाहिजेत. पण शेतातली माती चांगली असेल तर घडा भरायला वेळ लागतो, पहिले काही लोंढे अडतात, नाल्यात आणि तळ्यात गाळ कमी जातो. दर वर्षीचे लहान पूर असतात, त्यांत हा फरक दिसतो. आणि जे मुरले ते पुढे मे महिन्यात विहिरीत सापडते. म्हणून पूर आणि टंचाई ही दोन दुखणी नव्हेत, एकाच दुखण्याची दोन टोके आहेत.

सप्टेंबर २०२५मध्ये मराठवाड्यात आणि सोलापूरकडे काय झाले ते आपण टीव्हीवर पाहिले. पीक गेले ते गेलेच, पण अनेक शेतांतली माती खरडून गेली, खाली मुरूम उघडा पडला. पीक पुढच्या हंगामात येईल. बोटभर माती तयार व्हायला शतके लागतात.

यावर उपाय करणारे आपल्याकडे आहेत. कोल्हापूरचे कृषी पदवीधर शेतकरी प्रताप चिपळूणकर यांनी नांगरणीशिवाय शेतीचे प्रयोग वर्षानुवर्षे स्वतःच्या रानात केले आणि मराठीत लिहून ते गावोगाव पोचवले. जुन्या पिकाची मुळे जमिनीतच कुजू द्या, तेच खत, असे त्यांचे म्हणणे. नेरळचे चंद्रशेखर भडसावळे यांनी ‘सगुणा राइस तंत्र’ आणले: गादीवाफे एकदाच करायचे, पुढे नांगरणी नाही, चिखलणी नाही, लावणीही नाही. शिरोळ तालुक्यात दत्त साखर कारखान्याच्या पुढाकाराने जमिनीखाली सच्छिद्र नळ घालून क्षारपड रानांचा निचरा केला गेला आणि पडीक जमिनी पुन्हा पिकाखाली आल्या. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने पोपटराव पवारांच्या पुढाकाराने बांधबंदिस्ती केली आणि पाण्याच्या हिशेबाप्रमाणे पिके ठरवली. अमेरिकेतही १९३०च्या दशकात नांगरून उघडी टाकलेली जमीन वाऱ्याने उडाली, ती धूळ थेट राजधानीपर्यंत पोचली, तेव्हा १९३५ साली त्यांनी मृदसंधारणाचे स्वतंत्र खाते काढले. माणूस सगळीकडे सारखाच, अंगावर आल्याशिवाय उठत नाही.

आता माझे खरे मागणे. या सभागृहात काही घरे तंजावरची, पिढ्यान्‌पिढ्या इथलीच. पण बरेच जण खानापूर, आटपाडी, तासगावकडून गलाईच्या व्यवसायासाठी आलेले, काही बँकेत, रेल्वेत, काही संगणकाच्या कंपन्यांत. आपल्यापैकी अनेकांच्या नावावर गावी जमीन आहे. भाऊ कसतो, नाहीतर वाट्याने किंवा खंडाने दिलेली असते. आपण वर्षातून एकदा फोन करतो आणि विचारतो, “यंदा किती आलं?” शेत कसे आहे हे आपण विचारत नाही. मीही विचारत नव्हतो.

२०१९च्या पुरानंतर मी दादाला म्हटले, एक एकर तरी पाचट न जाळता, न नांगरता करू. दादा म्हणाला, “तुझं कागदावरचं शेत लई चांगलं हाय. उंदीर झालं, पाणी पुढं सरकंना, उतारा घटला, तर भरून कोण देणार?” तो चुकीचे बोलत नव्हता. खंडाने कसणाऱ्याला तर पुढच्या वर्षी ते रान आपल्याकडे राहील की नाही हेही ठाऊक नसते, तो मातीत गुंतवणूक कशाला करील? म्हणून मी सांगितले, घट मी देतो, लेखी देतो. पहिल्या खोडव्याला सहा टन कमी आले. मी पैसे पाठवले. दुसऱ्या वर्षी तीन टन. तेही दिले. तिसऱ्या वर्षी द्यावे लागले नाहीत. एक आडवा बांध आम्ही पुन्हा घातला, त्यावर वाळा लावला. त्या एकरात आता पाऊस थांबल्यावर पाणी साचून राहत नाही, शेजारच्या रानात राहते. बाकीच्या रानात दादा अजून नांगर घालतो. मी वाद घालत नाही. गेल्या खेपेला त्याने आपण होऊनच आणखी अर्ध्या एकरातले पाचट ठेवले आहे, एवढे मी पाहिले. खालचे पांढरे एकर मात्र अजून पांढरेच आहे. तिथे नळ घालायचे तर शेजारची शेतेही बरोबर यावी लागतात, एकट्याच्या रानातला निचरा जाणार कुठे? त्यासाठी बोलणी चालू आहेत, आणि ती बांध कोरण्यावरून कोर्टात गेलेल्या माणसांशी आहेत, म्हणजे वेळ लागणार.

तर या वेळी गावी गेलात की तीन गोष्टी करा. माती तपासून घ्या आणि सेंद्रिय कर्बाचा आकडा बघा. एक ढेकूळ रानातले आणि एक बांधावरचे घेऊन कसणाऱ्यासमोर ग्लासात टाका. भाषणापेक्षा ते बरे. आणि त्याला सांगा की जाळू नको, बांध मोडू नको, उताराला आडवे कर, आणि दोन-तीन वर्षांत घट आली तर आपण वाटून घेऊ. रान खंडाने असेल तर करार वर्षाचा न करता पाच वर्षांचा करा. आपण शहरात राहून तेवढे सोसू शकतो. तो सोसू शकत नाही.

मुलांनो, उजवीकडचे ढेकूळ अजून शाबूत आहे ना? मग ते मला परत द्या, गावी न्यायचे आहे. आणि डाव्या ग्लासातले पाणी मोरीत ओतू नका, मंडळाच्या तुळशीत घाला. कशीही असली तरी शिरोळची माती आहे.

मसालेभात निवायच्या आत थांबतो. गणपती बाप्पा मोरया!